थंड इंजिनाचं प्रेशर

बंद इंजिनात ऑइल प्रेशर शून्य असतं. त्या रविवारी चर्चहून आल्यावर मी गाडीतलं मीटर पाहिलं, तर सुई शून्याच्या रेषेपासून तिच्या स्वतःच्या जाडीइतकी वर होती. रॉबिन बॉनेटवर हात टेकून उभा होता. त्याने हात काढला आणि सुई खाली आली.

मीटर बिघडलं असावं, असं मी वहीत लिहिलं.

मी तिसगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. रॉबिन, माझा नवरा, घरामागच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतो. दोन वर्षं तो घाटातल्या शर्यतीसाठी एक लाल गाडी तयार करत होता. टर्बो बसवल्यापासून तेलाची धास्ती होती. तेल तापून पातळ होतं, वळणावर इंजिनाखालच्या टाकीत, चेंबरमध्ये, एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो. क्षणभर प्रेशर गेलं तरी बेअरिंग जळतात. म्हणून मी शेजारी बसून प्रत्येक वळणाचा आकडा लिहायचे. आम्ही दोघं एकत्र असायचो ते तेवढंच.

मला ताप आला तेव्हा त्याने थर्मामीटर आणून दिला होता. गाडीचा ताप तो तळहाताने बघायचा.

त्या रविवारनंतरच्याच आठवड्यात करंजी घाटात प्रेशर पाच किलोंवरून एकदम शून्यावर आलं. रॉबिनने तिथेच इंजिन बंद केलं. मग तेल सरकू नये म्हणून चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे जोडले, पंप बदलला. मी बसले की शून्य. तो एकटा गेला की पाच.

"वहिनी, तुमी बसल्या की रुसती ही," त्याचा मिस्त्री पुंजाराम म्हणाला. "सवतीवानी करती, लई मानी हाय."

"आधी कोण आलं घरात, ते सांग तिला," मी म्हणाले.

पुंजाराम हसला. रॉबिन हसला नाही.

राहात्याच्या शाळेत मला जागा मिळत होती; तिथेच राहावं लागलं असतं. "नको जाऊ, शर्यत झाली की ठरवू," असं रॉबिन वर्षभर म्हणत होता. त्या 'नको'वर मी थांबले होते.

शनिवारी दुपारी मी बॅटरीच्या तारा सोडल्या. विजेवरचं मीटर काढून तेलाच्या वाटेवर थेट नळीचं, बिनविजेचं गेज लावलं. इंजिन दोन दिवस चालू केलं नव्हतं.

"रॉबिन, हात ठेव."

त्याने ठेवला. दीड. दोन. तीन किलो.

पुंजाराम चहाचा ग्लास तसाच धरून बाहेर निघून गेला.

मी रॉबिनचं मनगट धरलं. ते गार होतं. त्याखालचा पत्रा सावलीतही कोमट होता.

शून्य.

सोडलं. तीन.

पुन्हा धरलं. शून्य.

"पाहिलंस ना?"

त्याने मान डोलावली. नजर गेजवरच होती. मग, कुशीतलं मूल जागं होऊ नये अशा बेताने, त्याने माझ्या बोटांतून मनगट सोडवून घेतलं.

सुई पाचावर गेली.

"जेनी," तो म्हणाला, "तू राहात्याला जा."