बुधवारी, चार वाजताची बुडी

आमच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते काळे गोटे. त्या गोट्यांवर गेदे माझ्यासमोर सपशेल आपटला. मागून पाहुणे बघतायत, आणि हा वाटाड्या उताणा! माझ्या डोक्यावर हवेची टाकी होती. एका हाताने ती सावरली, दुसऱ्याने त्याला उभं केलं.

"लागलं?"

"इज्जतीला…" तो म्हणाला, आणि असा बघत राहिला की मी ओझंच विसरले.

त्याला तीन वर्षं झाली. तो पाहुण्यांना पाण्याखाली नेतो, मी त्यांच्या टाक्या डोक्यावरून वाहते. इथल्या सगळ्या बायका वाहतात. पाहुणे वर येऊन "स्वर्ग, स्वर्ग" करतात. आम्हाला तो कुणी दाखवलेला नाही. आम्ही फक्त त्यांच्या रिकाम्या टाक्या उचलतो.

आणि आता गेदे चालला होता. गुरुवारी पहाटेचं विमान, मग कुठल्याशा जहाजावर नोकरी.

मंगळवारी दुपारी त्याने मला चाफ्याखाली बसवलं. हातात पाटी.

"जाण्याआधी तुला खाली नेतो, कादेक. एकदम निवांत."

"मला धड पोहता येत नाही, ब्ली." आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला ब्लीच म्हणतात.

"पोहायचं कुठंय? तरंगायचं. हे बघ—" त्याने पाटीवर किनारा काढला. "इथून शिरायचं. सहा मीटर, त्याखाली नाही. पोवळ्यांच्या कडेकडेने, सावकाश. निम्मी हवा उरली की मागे फिरायचं. भीती वाटली तर अंगठा वर कर, काही न विचारता वर आणीन."

"आणि हात?"

"कुणाचा?"

"तुझा. तो कुठे असेल?"

त्याचे कान लाल झाले. "नवख्यांचा हात धरतोच आम्ही."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा… असा नाही."

शेजारी मेन रुसनी, आमच्यातली सगळ्यात जुनी हमालीण, पानातला भात खात होती. ती खोकली. मुद्दाम.

गेदेने खाली वेळ लिहिली. बुधवार, चार.

बुडी मारल्यावर दिवसभर विमानात बसायचं नाही — हे तोच रोज पाहुण्यांना दम देऊन सांगतो. बुधवारी चारला पाण्यात, म्हणजे गुरुवारचं विमान गेलंच. मी गप्प बसले असते तर? राहिला असता. देवाशपथ, गप्पच बसणार होते. ओठ दाबूनही धरले…

"चुकलास," मी म्हणाले. "तुझं विमान."

"नाही चुकलो."

त्याने पाटीवरचा चार पुन्हा गिरवला. मला गोड वाटायला हवं होतं, मी भडकले.

"म्हणजे घरी काय सांगणार? समुद्राने अडवलं? भित्रा कुठला! नियमाआड लपून माझ्याजवळ राहू नकोस. उद्या पस्तावलास की बोल मलाच लावशील."

"मग काय करू?"

"आत्ता चल. पाणी शांत आहे. आत्ता बुडी मारलीस तर परवाचं विमान तुला मोकळं. मग जा नाहीतर राहा, पण तोंडाने सांगून."

तो उठला. पाटीवरचा चार अंगठ्याने पुसून टाकला. म्हणजे जाणार हा. माझ्याच जिभेने जाणार.

"मेन रुसनी!" तो ओरडला, किनाऱ्यावरच्या झाडून साऱ्या बायकांना ऐकू जाईल असा. "मी जहाजावर जात नाही! कादेकसाठी राहतोय!"

"मला काय सांगतोस, मुडद्या?" म्हातारीने हात चाटले. "तिला विचारलंस?"

तो वळला. एवढा मोठा वाटाड्या, आणि चेहरा पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यासारखा.

"कादेक… राहू?"

तीन वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. रोज घासूनपुसून. बाहेर आलं ते रडतच.

"राहा ना, मेल्या."