बावीस नंबरचं कार्ड

हॉटेलला शंभर वर्षं पूर्ण होत होती. खाली दर्शनी हॉलमध्ये जिन्याचा पितळी कठडा घासून घासून आरशासारखा झाला होता आणि पॉलिशचा वास थेट मॅनेजरच्या खोलीपर्यंत येत होता.

बाई त्याच्या टेबलासमोर ताठ बसल्या होत्या. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना सगळे बाईच म्हणत. समोर हॉटेलच्या इतिहासाचं पुस्तक होतं, छापायला जाण्याआधीचं. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं : 'बावीस नंबरची खोली दुरुस्तीसाठी बंद असताना एका हाउसकीपरने ती परस्पर भाड्याने दिली व तिला काढून टाकण्यात आले.'

"ही माझी आई. तिने खोली कुणाला दिली नव्हती. आत कुणीतरी राहतंय, एवढंच तिने सांगितलं होतं."

"पण नाव कुठे छापलंय?" मॅनेजर म्हणाला. तो जुन्या मालकांचा नातू. "पन्नास वर्षांपूर्वीचा गमतीदार किस्सा आहे, बाई."

"मग तुमच्या आजोबांचा एखादा गमतीदार किस्सा छापा की."

तो ओशाळून हसला. "परवा पुस्तक छापायला जातंय. खोली बंद होती त्या तीन दिवसांत रजिस्टरमध्ये बावीस नंबरला कुणीच नाही, चादरी मात्र रोज धुवायला गेल्यात. खरंच कुणी राहत होतं असं दाखवा, ओळ काढतो. हवं तर त्याच खोलीत राहा."

बाई राहिल्या.

या हॉटेलची एक जुनी रीत होती. खोली आवरून झाली की कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली हाउसकीपर त्या पाहुण्याचं कार्ड लिहायची. काही विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही. खोली जे सांगेल तेवढंच लिहायचं. पाहुणा पुन्हा आला की न मागता त्याला हवं ते मिळे. मॅनेजरने प्रदर्शनासाठी अशी पन्नासेक कार्डं आठवड्यापूर्वीच करड्या पुठ्ठ्यांवर चिकटवून घेतली होती. त्यात बावीस नंबरचं एक होतं; ते त्याने पुठ्ठ्यासकट बाईंना खोलीत न्यायला दिलं. अक्षर आईचं, बारीक आणि सरळ.

'बाईमाणूस, एकटी. उशी एकच, दुसरी खुर्चीवर. खिडकी चार बोटं उघडी. चहा अर्धा टाकला, कपावर बशी पालथी. पेन्सिलीला दोन्ही टोकांना धार.'

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडणारी बाई आली. तिला सगळे ठमाक्का म्हणत. ती दारातच थबकली. "अगं बाई, उशीने काय घोडं मारलंय तुमचं? खुर्चीत बसवलीय ती!"

बाईंनी वळून पाहिलं. खुर्चीवर उशी. कपावर पालथी बशी. खिडकी चार बोटं. टेबलावर त्यांची पेन्सिल, दोन्हीकडून टोकदार.

त्या खाली बसल्या आणि शांतपणे विचार करू लागल्या. लेकीच्या सवयी आईसारख्या असणारच. म्हणजे त्या तीन दिवसांत इथे आईच झोपली असेल. दुसरी पाहुणी नव्हतीच. हिशोब जुळत होता, पण आईच्या शब्दाशी नाही. आईने घरी शेवटपर्यंत एकच सांगितलं होतं, 'खोलीत कुणीतरी होतं गं.'

"सवय म्हणजे काही जन्मठेप नव्हे," बाई मोठ्याने म्हणाल्या. ठमाक्काने आवरलेली खोली त्यांनी दुपारी मुद्दाम उलटी वापरली. दोन्ही उशा घेऊन आडव्या झाल्या, खिडकी गच्च लावली, चहा तळ दिसेपर्यंत प्यायल्या. पेन्सिल गादीखाली सारली. असं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं.

मग त्यांना सुचलं, कार्डाला मागची बाजूही असणार.

त्यांनी चहाची किटली मागवली, पुठ्ठा वाफेवर धरला आणि पट्टीच्या कडेने कार्ड हळूहळू सोडवलं. कार्डाची खालची चिंचोळी कड तेवढी डिंकाला घट्ट धरून राहिली. तिथे पुठ्ठ्याचा करडा कागद कार्डाला चिकटूनच सुटून आला. वर शाई स्पष्ट होती. जुनी, तांबूस पडलेली.

'दुसरा दिवस. सगळं उलटं. उशा दोन्ही. खिडकी बंद. चहा संपवला. पेन्सिल गादीखाली. मुद्दाम केलेलं दिसतं. हट्टी आहे.'

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. किटलीची वाफ थांबली होती.

त्यांना भीती वाटली नाही, निदान तसं त्यांनी स्वतःला बजावलं. पन्नास वर्षं चोर म्हणवून घेतलेली आई खोटं बोलली नव्हती. एवढं सिद्ध झालं होतं, आणि एवढंच सिद्ध करायला त्या आल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या ठमाक्काला घेऊनच मॅनेजरकडे गेल्या. कार्ड टेबलावर ठेवलं.

"पाहुणी होती."

"कोण?"

"मी."

तो हसायला गेला, पण कार्ड वाचता वाचता थांबला. "बावीसमध्ये काय काय पाहिलंस?" त्याने ठमाक्काला विचारलं. ठमाक्काने धडाधड सांगितलं; उशी, बशी, खिडकी. "आणि आज गादी झाडली तर खाली पेन्सिल! मी म्हटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, आणि हे काय पोरासारखं?"

मॅनेजरने कार्ड उलटून पाहिलं. बाईंना देईपर्यंत ते आठवडाभर पुठ्ठ्याला चिकटलेलं, त्याच्याच कपाटात कुलूपबंद होतं. त्याने पेन उचललं आणि पुस्तकातली ती ओळ खोडली. दोनदा.

"बाई, एक विनंती. हे कार्ड तुम्हीच घेऊन जा."

बाईंनी वर जाऊन बॅग भरली. बावीस नंबरचं दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागल्या. उन्हात पितळी कठडा लखलखत होता. खूप वर्षांनी त्यांची छाती हलकी झाली होती.

निम्म्या जिन्यावर त्यांनी कार्ड पर्समध्ये टाकायला घेतलं. वाळलेला करडा कागद आपोआप उचकटला आणि पायरीवर पडला. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. आईने कधी नव्हे ती रीत मोडली होती.

'तिसरा दिवस. बॅग घेऊन जिना उतरताना पाठमोरी दिसली. हाक मारणार होते.

केस किती पिकलेत पोरीचे.'

मागे, दोन पायऱ्या वर, किल्ल्यांचा जुडगा वाजत येत होता.

बाई थांबल्या.

जुडगाही थांबला.