पुतळाबाईचा हुंकार

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत बाया सकाळी उठल्या की आधी खिडक्यांचे कठडे पुसतात. मोहिनी भोयेही पुसायची. पण वडील राहायला आल्यापासून मागच्या खोलीची खिडकी ती तशीच ठेवी. त्या कठड्यावर केंद्राच्या चिमणीतून उडालेली चिमूटभर करडी राख साचू द्यायची. ती पुंजाबाबाला, तिच्या वडिलांना, लागायची.

पुंजाबाबा पेठ तालुक्यातल्या करंजखोंड पाड्यावरचा थाळकरी. काशाची थाळी पुढ्यात ठेवायची, तिच्या मधोमध मेणाचा गोळा बसवायचा, मेणात लांब बारीक काडी उभी रोवायची. चिमटीला राख लावून ती काडी वरून खाली हलकेच ओढली की थाळी घुमते. डोंगरापलीकडं कुठंतरी पाणी पडत असावं, तशी. त्या घुमण्यावर तो कथा सांगायचा. भोयांचे पूर्वज कुठल्या खिंडीनं आले, कुठला ओहोळ ओलांडला, कुठल्या सादड्याच्या झाडाखाली पोर जन्मलं, सगळं त्या कथेत होतं.

कथेला हुंकार लागतो. ओळ संपली की समोरच्यानं 'हं' म्हणायचं. हुंकार आला नाही तर थाळकरी पुढं पाऊल टाकत नाही. पुंजाबाबाला हुंकार द्यायची त्याची बायको, पुतळाबाई. नागलीची भाकर थापताना द्यायची, शेळी दोहताना द्यायची. "पुतळी झोपंतबी हं म्हनती, म्हातारा घोरला तरी तिला कथाच वाटती," अशी पाड्यावर तिची चेष्टा चालायची.

पाड्याची एक रीत होती. पूर्वज ज्या वाटेनं आले, त्याच वाटेनं मेलेलं माणूस माघारी जातं. ती वाट थाळकऱ्यानं त्याला सांगायची असते, नाहीतर ते नदीच्या अलीकडंच उभं राहतं. नार नदीच्या उतारापर्यंतची, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागेपर्यंतची, वाट एरवीही सांगावी. उताराच्या पलीकडची मात्र घरात कुणी गेल्याशिवाय तोंडातून काढायची नाही. आणि थांबलं की थाळी पालथी घालायची. उताणी राहिली तर कथा मिटत नाही.

मोहिनी या सगळ्यात वाढली होती, पण मानत नव्हती. ती वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. नळीत दिसेल तेवढंच पाण्यात आहे, असा तिचा स्वभाव. तरी हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत बुडून जातंय याची तिला चुटपुट लागली होती. म्हणून तिनं आणि हर्षलनं मिळून 'गावखूण' नावाची वेबसाइट काढली. हर्षल मूळचा देवळ्याचा, नाशिक रोडला संगणक शिकवायचा. नाशिक जिल्ह्यातल्या गावागावांतून जुने फोटो, विहिरींच्या आणि वीरगळांच्या हकिगती, म्हाताऱ्यांचे आवाज गोळा करायचे आणि सगळ्यांना फुकट बघता-ऐकता येतील असे मांडायचे. "आमच्या देवळ्याचा काय इतिहास टाकणार, ताई? कांदा चढला, कांदा पडला, संपलं," असं हर्षल म्हणायचा, आणि तरीही देवळ्याचे सगळ्यात जास्त फोटो त्यानंच चढवले होते.

पुंजाबाबाची कथा मोहिनीनं पाड्यावरच्या अंगणात ध्वनिमुद्रित केली होती. नारेच्या उतारापाशी येऊन तो थांबला होता. तिथं पुतळाबाई म्हणाली होती, "पुढची वाट माझ्या येळंला सांगा." तो हसला होता, "हां. सांगेन," म्हणाला होता. मग थाळी पालथी घातल्याचा ठणका.

हर्षलनं साइटवर टाकताना हा शेवट कापला. "आईबाबांचं घरगुती बोलणं आणि भांड्याचा आवाज आहे, ताई. लोक म्हणतील, इतिहास ऐकायला आलो की जेवायला?" मोहिनीलाही ते पटलं होतं.

पुढच्या वर्षी पुंजाबाबाच्या घशात गाठ निघाली. जीव वाचवायला डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आणि तो दवाखान्यातून घरी येतोय न येतोय तोच पुतळाबाई गेली.

वाट सांगायला सुरगाण्याकडचा थाळकरी आणला. भला माणूस होता. रात्रभर बसला, पण सकाळी मोहिनीला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मी आमच्या कुळाची वाट सांगितली. तुमची मला येत नाय. तुमची आई त्या वाटंनं गेली का नाय, मी सांगू नाय शकत." पुंजाबाबा भिंतीकडं तोंड करून बसला होता. दिलेला शब्द त्याच्या घशात अडकला होता आणि घसाच उरला नव्हता.

मोहिनीनं त्याला एकलहऱ्याला आणलं. तो दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. मागच्या खिडकीपाशी थाळी घेऊन बसायचा, काडी ओढायचा, ओठ मिटलेले. एकदा ती म्हणाली, "बाबा, नुसते ओठ हलवा. हुंकार मी देते." त्यानं तिच्याकडं पाहिलं, स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि मान हलवली. ऐकू न येता दिलेला हुंकार खोटा, हे तिलाही कळत होतं. मग त्यानं विचारल्यासारखं तिच्या मोबाईलकडं बोट केलं आणि पंजा उताणा धरून पालथा केला. पुन्हा उताणा, पुन्हा पालथा. त्याला काय हवंय ते तिला त्या वेळी उमगलं नाही.

उन्हाळा लागता लागता लंकाबाईचा फोन आला. ती पाड्यावरचीच, दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत कामाला गेलेली. मोबाईल तारेला अडकवून साइटवरची पुंजाबाबाची कथा ऐकत काम करायची.

"मोहना, म्हातारीला लय दम लागतोय गं."

"कुणाला?"

"तुझ्या आयला. त्या कथंत. आधी उतारापाशी संपायची ना? आता दुपारची लावली का पुढं चालू ऱ्हाती. बुवा बोलत नाय. नुसती थाळी, आन् तिचं हं. काल पाण्याचा आवाज आला."

"लंकाकाकू, ऊन लागलंय तुला."

"लागलं आसंल. पर तिच्या बांगड्या मी वळखते. एक काचंची आन् एक कथलाची."

मोहिनीनं जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतूनच साइट उघडली. बापाचा जुना आवाज उतारापाशी आला, थांबला. कथा तिथं संपायला हवी होती. थाळी घुमतच राहिली. बराच वेळ काही नाही. मग अगदी जवळून आईचा आवाज.

"हं."

पुन्हा शांतता, एखादी ओळ सांगून व्हावी एवढी.

"हं."

तिनं हर्षलला फोन लावला.

"तू फाइल बदललीस?"

"हातसुद्धा लावला नाही, ताई. सर्व्हरचं काहीतरी असेल. दुसरं काही त्यात मिसळलं असेल."

"माझ्या आईचा दुसरा आवाज तुझ्याकडे कुठे आहे?"

तो म्हणाला, "काल मीही ऐकलं. काढून टाकायला गेलो होतो. पण ताई, कुणीतरी चाललंय हो त्यात. मध्येच कसं थांबवायचं?"

घरच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल तिनं संध्याकाळी तपासली. ती होती तशी होती. आईची विनवणी, बापाचं हसणं, थाळीचा ठणका. मिटलेली कथा. ते ऐकताना तिला बापाचा उलटसुलट होणारा पंजा आठवला. ठणका कापल्यामुळं साइटवर थाळी उताणीच राहिली होती. ज्यानं ज्यानं ती कथा ऐकली, त्यानं आईला उतारापर्यंत आणून उभं केलं होतं.

रविवारी दुपारी ती घरी होती. कॉलनी चिडीचूप होती. चिमणीचा धूर सरळ वर चढत होता. मोबाईलवर कथा लावून ती मागच्या खोलीच्या दाराशी आली आणि तिथंच थांबली.

पुंजाबाबा थाळी वाजवत होता. आणि त्याचे ओठ हलत होते.

आवाज नव्हता. गळ्यातल्या भोकातून नुसता श्वास येत-जात होता. ओठ थांबले. तिच्या हातातल्या मोबाईलमधून 'हं' आलं. त्यानं मान डोलावली आणि ओठ पुन्हा हलू लागले.

रोज दुपारी ती कामावर असताना हेच चाललं असणार.

आपला भास असेल म्हणून तिनं मोबाईलचा आवाज पूर्ण बंद केला. म्हाताऱ्याला एरवीही कमी ऐकू यायचं, आणि तो पाठमोरा होता. ओठ हलले, थांबले. तो कान देऊन बसला. मग मान डोलावून पुढं निघाला. पुन्हा थांबला, थोडं जास्त, जणू समोरच्याला धाप लागली होती. मग निघाला.

तो थांबलेला असताना तिनं आवाज मोठा केला.

"हं."

मोहिनी खाली बसली.

आता हुंकारामागं बाकीचंही ऐकू येत होतं. घोटाभर पाण्यातली पावलं. ओल्या लुगड्याचा पायांवर फटका. मग सुकं पान, चढण, गोटा घरंगळल्याचा आवाज. भीती वाटायला हवी होती, पण तिचे हात आपोआप जोडले गेले. आपण एवढी वर्षं जी वाट फोटोंनी आणि नकाशांनी जपू पाहत होतो, ती कुणीतरी पायांनी चालतंय, एवढंच तिच्या मनात राहिलं.

चढणीवर हुंकाराचा दम गेला. आवाज मोकळा झाला. तो म्हातारीचा नव्हता. मोहिनीच्या लहानपणी तिला हाक मारणाऱ्या आईचा होता.

पुढं तो मोहिनीनं कधी न ऐकलेल्या तरुण बाईचा झाला.

मग मुलीचा. त्यात हसू होतं.

बांगड्या वाजेनाशा झाल्या.

पुंजाबाबाचा चेहरा घामानं भिजला होता. काडी हळू झाली. त्याचे ओठ एकदा उघडले, बहुधा एकाच नावासाठी, आणि मिटले.

"हं," अगदी लहान पोरीचा आवाज आला.

तो वाट पाहत राहिला.

आणि मग त्या पोरीच्या आवाजामागून, लांबून, बायांचे, बाप्यांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, मोजता येणार नाहीत इतके आवाज एकाच वेळी म्हणाले, "हं."

खिडकीच्या कठड्यावरची राख हलली. बाहेर पान हलत नव्हतं.

पुंजाबाबानं थाळी उचलली आणि जमिनीवर पालथी घातली. ठणका झाला. मोबाईलमधली कथा त्याच क्षणी बंद पडली. त्यानं मागं वळून मोहिनीकडं पाहिलं, घास घेतल्यासारखी बोटं जुळवून हात तोंडाकडं नेला. भूक लागली होती. त्या दिवशी तो तांदळाच्या दोन भाकरी जेवला आणि भिंतीला टेकून शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी साइटवरची कथा पुन्हा उतारापाशीच संपू लागली. फक्त लोक विचारू लागले, हुंकार देणाऱ्या बाई कुठं गेल्या? कथा तीच होती. पुंजाबाबाचा आवाज एक ओळ सांगायचा, थांबायचा, आणि कुणाचंही 'हं' न येता पुढं निघायचा. हर्षलनं शपथ घेऊन सांगितलं की त्यानं काही केलेलं नाही. मोहिनीनं त्याच्यावर विश्वास ठेवला.

मूळ फाइल तिच्या घरीच होती, कॉम्प्युटरमध्ये. ती कधी कुठं चढवलेली नव्हती. बरेच दिवस तिनं ती उघडली नाही. मग एका सकाळी, खिडक्या पुसून झाल्यावर, उघडली.

अंगणातला कोंबडा होता. थाळी होती. बापाचा भरदार आवाज होता, आणि प्रत्येक ओळीनंतर मोकळी जागा. उतारापाशी तो थांबला. तिथं आईचं वाक्य यायला हवं होतं. तेवढा वेळ नुसती थाळी घुमली.

मग बाप हसला. कुणी काही मागितलेलं नसताना म्हणाला, "हां. सांगेन."