दुसऱ्या वाटीतले पेढे

चिखलीला धान्यबाजाराच्या मागे उत्तमरावांच्या दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी होती. निम्म्या गावाला वाटे, इथे नाडी तपासतात. त्यात गावाची चूक नव्हती. शेजारचे भगवानराव वैद्य दिवसातले चार तास त्याच ओसरीवर बसत आणि येईल त्याची जीभ आधी तेच पाहत. उत्तमराव मात्र नागपूरला पोलिसात बारा वर्षं काढून, वरच्या साहेबाशी भांडून परत आलेले. बोलणं कमी, कान तिखट.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी अन्नपूर्णाबाई ओसरीवर आल्या आणि दोघेही उठून उभे राहिले.

त्यांना पाहून उठावंसंच वाटे. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतरची बावीस वर्षं ही बाई चार तालुक्यांतली डोहाळजेवणं, बारशी आणि बोरन्हाणं मांडत आली. मांडणं म्हणजे चार माळा लटकवणं नव्हे. आधी ती सुनेच्या माहेरी जाई, लहानपणी पोर कुठे रमायची ते विचारी, आणि तेच सासरच्या अंगणात उभं करी. नदीकाठच्या मुलीला केळीच्या सोपट्यांची नाव केली. कुंभाराच्या लेकीला मडक्यांची उतरंड रचून तिच्यात दिवे लावले. बोरन्हाणाला तर ती बोरांचं झाडच उभं करी आणि पोरांना म्हणे, हलवा रे! एवढं करून स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड बसायची, कारण विधवा. बायका तिने रचलेल्या सुखात बसत आणि ती भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐके. मला विचाराल तर त्या अंगणातली पहिला पाट तिचाच असायला हवा होता.

“उत्तमराव, माह्यं नाव गेलं,” त्या बसल्याबसल्या म्हणाल्या. “सुलतानपूरच्या वामनरावाच्या घरी शुक्रवारी डोहाळजेवण होतं. त्यायच्या सुनेचं, पुष्पाचं. सातवा महिना. पहिल्या दोन्ही पोरी. सासू रुक्मिणीबाईनं आधीच सांगतलं होतं, यावेळी बर्फी निघाली तं पोराले, हिंमतरावाले, दुसरी बायको आणीन. लोणारले बोलणंही सुरू हाय.”

“बर्फी निघाली तर?” भगवानरावांचे कान टवकारले.

“दोन झाकल्या वाट्या ठेवतात, वैद्यबुवा. एकीत पेढे, एकीत बर्फी. गर्भारशीनं एकीवरचं झाकण काढाचं. पेढा तं पोरगा, बर्फी तं पोरगी. पुष्पानं काढलं, पेढे निघाले. बाया गाऊ लागल्या. मंग दुसरी वाटी उघडली, तं तिच्यातही पेढेच!”

“पण दुसरी उघडली कशाले?” भगवानरावांनी विचारलं. “निवड झाली, खेळ आटोपला!”

अन्नपूर्णाबाईंना त्या अवस्थेतही हसू आलं. “तुम्ही कधी बसले होते डोहाळजेवणात?”

उत्तमराव मात्र भगवानरावांकडे जरा वेळ बघत राहिले. मित्राच्या तोंडून काही कामाचं निघणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

“रुक्मिणीबाई म्हणते, मी पुष्पाच्या बाजूनं फितूर झाली,” अन्नपूर्णाबाई पुढे म्हणाल्या. “देवासमोरचा कौल खोटा केला. परवा, गुरुवारी, मेहकरले एका घरी लेकीचं डोहाळजेवण मांडाचं होतं. त्यायचा सांगावा आला, येऊ नका. बावीस वर्षांत मले कोनी असं म्हटलं नाही. गुरुवार गेला, तं बाकीचे दरवाजेही लागतीन.”

“उद्या, बुधवारी, सकाळच्या मोटारीनं निघू,” उत्तमराव म्हणाले. “तुम्हीही या.”

सुलतानपूरच्या वाड्याच्या अंगणात मांडणी अजून उतरवलेली नव्हती. उत्तमराव ती पाहतच राहिले. जोंधळा राखायला शेतात बांधतात तसा चार खांबांचा माळा, आणि त्यालाच झोपाळा टांगलेला. खाली खऱ्या कणसांची रांग, कणसांवर मातीचे पोपट. पुष्पा माहेरी पाखरं हाकायला माळ्यावर बसायची, म्हणून हा थाट. तिचे दागिनेसुद्धा कपाशीच्या बोंडांचे आणि तुरीच्या पिवळ्या फुलांचे. आलेल्या पोरांच्या हाती चिंध्यांचे चेंडू दिले होते. जो पोपट पाडेल, त्याला पोपटाच्या पोटातला खाऊ.

“वा, बाई!” उत्तमराव म्हणाले. “चोर नंतर पाहू, आधी हे पाहू द्या.”

रुक्मिणीबाईंनी मात्र शिंक्यातून दुसरी वाटी काढून त्यांच्यापुढे आदळली. पुरावा म्हणून तीन पेढे तसेच ठेवले होते.

“हे पाहा. पहाटे बाईनं सोताच्या हातानं वाट्या भरल्या, देवघरात ठेवल्या, वर पळसाचे द्रोण झाकले. दहा वाजेपरेंत कोनीही जाऊन-येऊन राह्यलं होतं. पण सुनेचा एवढा कळवळा दुसऱ्या कोनाले हाय?”

“पहिल्या वाटीतले पेढे असेच होते?”

“नाही. त्याच्यावर पोपटाचा छाप होता. बाईचा सोताचा साचा हाय. हे असे अंगठ्यानं दाबलेले. चोरट्या कामाले छाप काऊन मारीन ती?”

उत्तमरावांनी एक पेढा मोडून मित्राच्या हातावर ठेवला. भगवानरावांचं निदान रोग्याच्या बाबतीत कधीमधी चुके, मिठाईच्या बाबतीत कधीच नाही.

“जायफळ!” ते डोळे मिटून म्हणाले. “वेलची नाही. हा आपल्या चिखलीच्या बाजारातला पेढा. दुसरं कोनी जायफळ घालत नाही.”

“आन् बाई चिखलीचीच!” रुक्मिणीबाई कडाडल्या.

“गेल्या आठवड्यात या घरातून चिखलीला कोणी गेलं होतं?”

“बापलेक गेले होते ना, कपाशीच्या गाड्या घेऊन. गुरुवारी रातच्याले आले. पण त्यायचं काय? माणसायले बायायच्या कामातलं काय समजते!”

“आणि जेवणावळ कशी झाली?”

“कायची जेवणावळ! वाटीवरून भांडण लागलं. दोघी नातींनं तं पोळीले हातही लावला नाही. पोट भरलं म्हणे. सकाळपासून आबासंगं गोठ्यात खेळून राह्यल्या होत्या, तिथं काय कडबा खाल्ला?”

सून पुष्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बोलली, तेही खाली मान घालून. “मले माहीत असतं दोन्हीत पेढे हायेत, तं माहा हात एवढा काऊन थरथरला असता, भाऊ? मले तं वाटलं, आता झाकण काढते आन् घर जाते.” एवढं बोलून ती रडू लागली, आणि उत्तमरावांनी पुढचं काही विचारलं नाही.

बांगड्या भरणारी गौसिया त्या दिवशी देवघराजवळच बसली होती. तिचं घर वाड्याच्या मागेच होतं. ती आली ती तणतणतच.

“मले विचारता? मायच्यानं सांगते, चाळीस साल झाले, सगळ्या गावाच्या सुनायले हिरवा चुडा म्याच भरला. पहिली वाटी सुनेची, दुसरी खुली झाली का लेकरायची. हमेशा! त्यातलं एक मलेही भेटते. यावेळी भांडणात तेही गेलं.”

हिंमतराव माडीवर भेटला. तिशीचा, आईसमोर तोंड न उघडणारा. “झोपाळा मीच टांगला, साहेब. देवघरापाशी दहा खेपा झाल्या असतीन. पण वाटीले हात नाही लावला. काय सांगू, मागच्या दोन्ही वेळा बर्फीच निघाली. मायनं रागारागानं दुसऱ्या वाटीतले पेढे वर धाडले, म्हणे, तूच खाय. इथंच बसून खाल्ले म्या.”

राहिले वामनराव. सत्तरीचे, पिळदार मिशांचे, गावात ज्यांच्यासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती ते. गोठ्यात बैलाला खरारा करत होते.

“मले हे बायकी काम विचारू नका,” ते पाठ न वळवता म्हणाले. “सत्तर वर्षांत मी अशा बायायच्या घोळक्यात पाय ठेवला नाही. पेढा निघाला होता ना? मंग दुसरी वाटी कोनं उघडाले सांगतली होती? उगाच उघडली आन् घरात आग लावली!”

उत्तमराव हसले, आणि सगळ्यांना अंगणात बोलवा म्हणाले.

माळ्याच्या सावलीत सतरंजी घातली गेली. दोघी नाती आजोबांच्या मांडीवर येऊन बसल्या. अन्नपूर्णाबाई दाराआड निघाल्या होत्या, त्यांना उत्तमरावांनी हाताने थांबवलं.

“आधी बाईंचं पाहू,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे पोपटाचा साचा होता, पेढे टोपलीभर होते. त्यांना फसवायचंच असतं, तर दुसऱ्या वाटीतही आपलाच पेढा घातला असता. बाजारातला पेढा त्यालाच लागतो, ज्याच्याकडे बाईंचा पेढा नाही.”

“साचा सापडला नसन!” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

“असं धरून चालू. पण मग खरी गोष्ट पाहा. ही फसवणूक टिकणारीच नव्हती. दुसरी वाटी उघडतात, लेकरांना वाटतात, हे गौसियाबाईंना माहीत. अन्नपूर्णाबाईंना माहीत. तुम्हाला माहीत, पुष्पाताईंना माहीत. डोहाळजेवणात एकदा बसलेली कुठलीही बाई दोन्ही वाट्यांत पेढे घालणार नाही, कारण घटकाभरात सगळं उघडं पडणार. ही चूक करणारा माणूस अशा जागी कधी बसलेलाच नाही. त्याला वाटलं, निवड झाली, खेळ आटोपला. हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या भगवानरावांनी तीच चूक माझ्या ओसरीवर केली, म्हणून मला दिसली.”

भगवानराव आधी फुगले, मग चूक आपली हे लक्षात येऊन बसले.

“म्हणजे पुरुष,” उत्तमराव म्हणाले. “आणि त्याच आठवड्यात चिखलीला गेलेला. दोघे उरले. त्यातल्या हिंमतरावांनी मागच्या खेपेला दुसऱ्या वाटीतले पेढे स्वतः खाल्लेत. दुसरी वाटी उघडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग उरला एकच. आणि काढून घेतलेली बर्फी कुठे गेली? देवापुढची बर्फी उकिरड्यावर टाकवत नाही. ती दोन लहान पोटांत गेली, म्हणून त्यांना पुरणपोळी नको झाली. सकाळभर त्या कोणाजवळ होत्या, ते आजीबाईंनीच मला सांगितलं.”

धाकटीने आजोबांच्या मिशीला हात लावून हळूच विचारलं, “आबा, सांगू का?”

“नको, माय. मीच सांगतो,” वामनराव म्हणाले. “हाव. म्या केलं.”

“तुम्ही?” रुक्मिणीबाईंना खरं वाटेना. “देवासंगं ठकबाजी? आन् बाईवर आळ आला तं पाच दिवस चूप बसले?”

“तो मोठा गुन्हा. तो मले कबूल हाय. पण काय करू? बर्फी निघाली असती तं तू दुसरी सून आणली असती. ह्या दोघी सावत्र मायच्या हाताखाली गेल्या असत्या. मले ते पाहवलं नसतं.”

“मंग मले सांगाचं होतं! नको आणू म्हणाचं होतं!”

“तुले सांगाची हिंमत असती,” म्हातारा म्हणाला, “तं पेढे कशाले आणले असते?”

हसू नये अशा वेळी भगवानराव हसले. मग गौसिया हसली. पदराआडून पुष्पाही. रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. त्या नातींकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू उतरत होता. ज्या नवऱ्याला गाव घाबरतं तो आपल्याला एवढा भ्यायचा, याचं त्यांना वाईट वाटलं, हे अगदी स्पष्ट दिसलं.

“लोणारले सांगावा धाडजो, हिंमत,” त्या शेवटी म्हणाल्या. “बोलणं मोडलं म्हणून सांग. आन् उद्या पहाटे गाडी जुंप. मेहकरले जाचं हाय.”

“मेहकरच्यायले मी सांगतो,” हिंमतराव म्हणाला.

“तू नाही. ज्यानं केलं, तो सांगीन. सगळ्या बायायसमोर.”

वामनरावांच्या कपाळाला घाम फुटला. “बायायमंदी? म्या?”

“हाव, तुम्ही.”

गुरुवारी मेहकरला त्या घरच्या अंगणात चाळीस बायका जमल्या होत्या. गाणी सुरू होती, पण मांडणी म्हणजे चार फाटक्या पताका. दारातून पिळदार मिशांचा म्हातारा आत आला, तशी गाणी थांबली आणि चाळीस पदर डोक्यावर आले. वामनरावांनी पागोटं काढून हातात धरलं. त्यांच्या मागे रुक्मिणीबाई होत्या, आणि रुक्मिणीबाईंनी अन्नपूर्णाबाईंचं मनगट घट्ट पकडलं होतं.

“सुलतानपूरच्या वाट्यायचं काम म्या केलं,” म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. “या बाईचा काही दोष नाही. तिच्यासारखी मांडणी साऱ्या वऱ्हाडात कोनाले जमत नाही. आन् नात झाली तरी सून माह्यी एकच राहीन.”

एवढं बोलून ते जवळजवळ पळालेच.

अन्नपूर्णाबाईंनी सवयीने स्वयंपाकघराकडे पाऊल टाकलं. रुक्मिणीबाईंनी मनगट सोडलं नाही. त्यांनी त्यांना सरळ अंगणाच्या मध्ये नेलं, गर्भारशीच्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि चाळीस बायकांवरून एक नजर फिरवली.

“गाणं काऊन थांबलं?” त्यांनी विचारलं.