रात्रभर थांबलेलं पाणी

"रात्रभर नळाला कुणी हात लावला नाही ना?"

सकाळी सकाळी तिने दार उघडताच हा प्रश्न! समोर एक उंच तरुण, हातात रिकामी बाटली, नाकावरून घसरणारा चष्मा. तो पाणी तपासनीस होता. गल्लीतले जुने पाइप शिशाचे. ते शिसं पाण्यात किती उतरतं, हे पाहायचं तर रात्रभर पाइपमध्ये थांबलेलं पहिलं पाणी लागतं.

"बाबांनी आत्ताच तोंड धुतलं," ती म्हणाली.

"मग उद्या येतो."

बाबा हल्ली विसरत. कधी चहा प्यायलो हे, कधी लेकीचं नाव. डॉक्टर म्हणाले होते, शिशाचा डोक्यावर परिणाम होऊ शकतो, पाणी तपासून घ्या. तेव्हापासून तिला एकच आस... दोष पाण्यात निघावा. पाइप बदलता येतो.

दुसऱ्या दिवशीही बाबांनी नळ सोडलेलाच.

"तुम्हाला उगाच हेलपाटा," ती ओशाळली.

"उगाच कसा?" त्याने चष्मा वर ढकलला.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला, तिला राहवेना. "द्या इकडे." बारीक पेचकसाने तिने सैल काडी घट्ट केली. "आता दिसतंय नीट?"

"मघाशीही दिसतच होतं," तिच्याकडे बघत तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी नळाखालची बादली भरलेली.

"पुन्हा बाबा?"

"नाही... मी." ती भिंतीकडे बघत होती. "पाण्यात काहीच नाही निघालं, तर दुरुस्त करण्यासारखं काय उरतं हो?"

तो हसला नाही. "उद्या येतो," एवढंच म्हणाला.

चौथ्या दिवशी बाटली भरली. आठवड्याने तो अहवाल घेऊन आला. शिसं होतं, मर्यादेच्या बरंच वर.

"म्हणजे पाइप बदलला की बाबा..."

हो म्हणणं सोपं होतं. "पाणी चांगलं होईल. बाबांचं मला नाही सांगता येणार. खरंच."

तिचे डोळे भरले. तरीही, हा माणूस खोटं बोलला नाही, हे तिने मनात जपून ठेवलं.

नवा पाइप बसला. त्याचं काम संपलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा टकटक.

"काडी सैल झालीय," तो म्हणाला.

तिने हलवून पाहिली. "घट्ट आहे की!"

"माहीत आहे..."

आतून बाबा डोकावले. लेकीचं नाव आज त्यांना आठवत नव्हतं. पण त्याला बघून म्हणाले, "काय रे, आज बाटली विसरलास?"

"विसरलो नाही, बाबा. आज आणलीच नाही."

ती आत गेली, नळ सोडला आणि चहासाठी तीन कप पाणी घेतलं.