निळ्या हातांची भीती

"चावला! अहो, खरंच चावला!" काका ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी झटकन हात मागे घेतला. त्यांच्या निळ्या हातमोज्याला भोक पडलं होतं. हा पराक्रम करणारा कोळसा, वीतभर उंचीचं काळं पिल्लू, खाटेखाली जाऊन थरथरत होता. त्याची भावंडं, भोपळा आणि मुंगी, त्याच्यामागे दडून बसली होती.

भिंगरी खाटेपाशी धावली. सुट्टी लागल्यापासून ती आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू काकांकडे राहायला आले होते. काका अनाथ प्राण्यांचं आश्रयघर चालवत. या पिल्लांची आई गाडीखाली गेली होती. तेव्हापासून ही पिल्लं भिंगरी, लिंबू आणि सगळे ज्याला 'प्रोफेसर' म्हणत तो काकांचा मुलगा यांच्याच मांडीवर वाढत होती.

"माणसाला भ्यायचं की माणसावर विश्वास ठेवायचा, हे पिल्लू याच वयात शिकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पुन्हा बघते. तेव्हाही असंच झालं, तर यांना कुणाच्या घरी देता येणार नाही. मागच्या पिंजऱ्यांतच ठेवावं लागेल."

मागचे पिंजरे! तिथली कुत्री येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत म्हातारी व्हायची. त्यांना न्यायला कुणीच यायचं नाही.

"जातच तापट असणार," काका खांदे उडवून म्हणाले आणि निघून गेले. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. जातीवर ढकललं की विचार करायचे कष्ट वाचतात!

"खोटं आहे!" भिंगरी उसळून म्हणाली. "काल हाच कोळसा माझ्या कुशीत घोरत होता."

"मग आज काय बदललं?" प्रोफेसरने चष्मा वर सरकवला. "डॉक्टरांचा कोट? चष्मा? औषधांचा वास?"

"चष्मा तर तुलापण आहे, शहाण्या!"

त्यांनी एकेक गोष्ट करून पाहिली. प्रोफेसर आईचा पांढरा झगा घालून खोलीत आला. मुंगीने झग्याचं टोक पकडून त्याला दारापर्यंत ओढत नेलं! मग लिंबूने हाताला औषधाचा बोळा चोळला. भोपळ्याने वास घेतला, शिंकला आणि लिंबूच्याच पायावर झोपला.

शेवटी लिंबूने डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यात टाकलेले फाटके निळे हातमोजे चढवले. "हूऽऽ! मी डॉक्टर!"

क्षणात खोली रिकामी झाल्यासारखी वाटली. तिन्ही पिल्लं खाटेखाली! कोळसा दात दाखवून गुरगुरत होता आणि गुरगुरता गुरगुरता त्याने भीतीने खाली ओलं केलं. लिंबूला रडूच कोसळलं. "मी काही केलं नाही गं, ताई!"

"तू नाही रे," भिंगरी त्याला जवळ घेत म्हणाली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. "काकांचा नियम! हातमोजे उगाच वाया घालवायचे नाहीत, फक्त उपचाराच्या वेळी घालायचे. खाऊ द्यायचा, खेळायचं, ते सगळं उघड्या हातांनी. मग निळा हात कधी येतो? कडू औषध पाजायला! सुई टोचायला! नखं कापायला!"

"म्हणजे निळा हात आला की दुखणारच," प्रोफेसर हळूच म्हणाला.

ते धावत काकांकडे गेले. काका फोनवर होते. "हातमोजे खेळायला नाहीत! पळा!" आणि कपाटाला कुलूप!

पण भिंगरी हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती गोडगोड आवाजात म्हणाली, "काका, उद्यापासून पिंजरे आम्ही धुऊ?"

"शाब्बास! कामाची झालात की!" घाणीत हात घालायचे म्हणून काकांनी खूश होऊन हातमोज्यांचा नवा डबाच काढून दिला.

पिंजरे त्यांनी घासलेच, कंबर मोडेपर्यंत घासले. आणि दर वेळी डब्यातले कोरे हातमोजे पिल्लांसाठी बाजूला ठेवले. आधी ते नुसते खाऊच्या ताटलीशेजारी पडून राहिले. मग हातात घालून लांबून खाऊ दिला. मुंगी आली, भोपळाही आला. कोळसा मात्र उपाशी राहिला, पण जवळ फिरकला नाही. भिंगरी फरशीवर तासन्‌तास हात पसरून पडून राहायची आणि मनात घोकायची, "ये ना रे, ये ना."

रविवार उजाडला. डॉक्टरीणबाईंनी निळा हात पुढे केला. मुंगीने तो चाटला. भोपळा त्यावर लोळला. कोळसा गुरगुरला.

"बघा, सांगितलं होतं ना!" काका म्हणाले.

"थांबा, डॉक्टर!" भिंगरी ओरडली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "तो रागावलेला नाही, घाबरलाय! हात तसाच खाली ठेवा. फक्त धरू नका."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मग सरळ फरशीवर बसल्या. निळा हात त्यांनी तसाच खाली ठेवला. कोळसा पोटावर सरपटत, थांबत, पुन्हा सरपटत आला. त्याची शेपूट पायांत होती. त्याने निळ्या बोटांचा वास घेतला आणि थरथरत त्या बोटांवरच हनुवटी टेकली.

"हा चावरा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी हेच हातमोजे घालून कुत्री तपासते, पण हे माझ्या लक्षात आलं नाही. शाब्बास, पोरांनो!"

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "मागची कुत्रीसुद्धा..." ते पुटपुटले, "आम्ही अशीच हातमोजे घालून तपासली आणि चावरी ठरवली."

 भिंगरीला एकदम रडू आलं. काका कपाटाकडे गेले. त्यांनी हातमोजे चढवले, खाऊची बादली उचलली आणि मागच्या दाराशी थांबले.

"चल," ते भिंगरीला म्हणाले, "कसं बसायचं ते मला दाखव."