बाण पुसणारा

जयवंत मास्तरांना डोंगर चढायचं वेड होतं. त्यांच्या बायकोच्या, नलिनीबाईंच्या मते हे वेड दारूपेक्षा वाईट. दारुडा निदान रविवारी सकाळी घरात झोपलेला तरी सापडतो. मास्तर घाटकोपरच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि राहायचे मुलुंडला. रविवार उजाडला की कॅनव्हासचे बूट, थर्मास, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि खिशात वर्गातले उरलेसुरले खडूचे तुकडे घेऊन निघायचे. लांब कुठे नाही. कॉलनीच्या मागून चढायचं, माथ्याच्या धारेवर बसून विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव डोळे भरून बघायचे, मग कान्हेरीच्या लेण्यांवरून बोरीवलीत उतरायचं आणि वळसा घालून घरी. मोठमोठे गड करणारे लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, गच्चीवरून रोज दिसणारा डोंगरच ज्याला ओळखत नाही, त्याला लांबचा गड काय ओळख देणार.

आता डोंगरात खडू कशाला, असं कुणालाही वाटेल. तर एके काळी त्यांची चांगली टोळी होती. सगळ्यांत पुढे मास्तर, सगळ्यांत मागे लवू. वाटेला फाटा फुटला की पुढच्याने दगडावर बाण काढायचा, आणि सगळे गेले की मागच्याने तो पुसायचा. न पुसलेल्या बाणाच्या नादी लागून पुढच्या आठवड्यात दुसरंच कुणी भलत्या घळीत उतरलं तर? आणखी एक रीत होती. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मागचा आहे म्हणजे आहे. मास्तरांनी चुकून मान वळवलीच तर लवू करवादायचा, "काय मास्तर, मी काय गाडीवरचं पोतं आहे, पडलो का बघायला?"

लवू मूळचा कणकवलीकडचा, परळच्या एका गिरणीत कामाला. बाण पुसायला तो गिरणीतल्या टाकाऊ सुताचा बोळा जवळ बाळगायचा. बाटलीतल्या पाण्यात भिजवायचा आणि शेपटीकडून टोकाकडे, एका ओढीत, असा फिरवायचा की दगडावर नुसता ओला पट्टा राही. शाळेतला फळा इतका स्वच्छ पुसणारं एक पोरगं आपल्या उभ्या नोकरीत मिळालं नाही, असं मास्तर सगळ्यांना सांगायचे.

मग गिरण्यांचा संप झाला. टोळी पांगली, दोघेच उरले. संप लांबला तसा लवू बोलेनासा झाला, पण रविवार सोडला नाही. एका रविवारी मास्तरांना कुर्ल्याला लग्नाला जावं लागलं. लवू एकटाच डोंगरात गेला आणि परत आला नाही.

पोलीस झाले, जंगलखात्याची माणसं झाली, मास्तरांनी स्वतः घळी अन् घळी धुंडाळली. चप्पलसुद्धा मिळाली नाही. कुणी म्हणालं बिबट्या, कुणी म्हणालं तलाव. नळावरच्या बायका म्हणाल्या, कुठला बिबट्या घेऊन बसलात, सुरतेच्या गिरणीत लागलाय आणि तिथे दुसरी ठेवलीय.

लवूची बायको शेवंती मुलुंडलाच, डोंगराच्या पायथ्याशी बैठ्या चाळीत राहायची, पापड लाटून पोट भरायची. दर रविवारी संध्याकाळी मास्तर तिच्या दारात उभे राहायचे. ती लाटणं न थांबवता विचारायची, "काय गावला, भावजी?" मास्तर मान हलवायचे. ती पुढचा पापड घ्यायची. एकदाच ती थांबली होती.

"मेलो असात तर मेलो, पळालो असात तर पळालो," ती म्हणाली होती. "पण माका ता कळाक होया. रोज सकाळी कुंकू लावताना माझो हात थांबता."

मास्तर दर रविवारी डोंगरात जात राहिले, आणि पुसायला मागे कुणी नसतानाही जुन्या सवयीने दगडांवर बाण काढत राहिले. सवय ही भारी चिवट चीज आहे, बायकोच्या बोलण्याने तर ती मुळीच सुटत नाही.

चैत्रातली गोष्ट. धार चढून गेल्यावर लक्षात आलं, थर्मास मागच्या फाट्यावर राहिला. मास्तर परत फिरले. थर्मास दगडाशी होता. दगडावरचा बाण नव्हता. त्याच्या जागी ओला पट्टा होता, शेपटीकडून टोकाकडे गेलेला.

शास्त्र शिकवणारा माणूस घाबरत नाही, आधी कारण शोधतो. मोळीवाली बाई गेली असेल, तिच्या कळशीतलं पाणी सांडलं असेल. मास्तरांनी थर्मासमधलं थोडं पाणी शेजारच्या कातळावर ओतून पाहिलं. घाम पुसून रुमालाची घडी घालेपर्यंत ते उडून गेलं. म्हणजे जो कोणी होता, तो आत्ता, ह्या क्षणी इथे होता. आणि खाली सागाची वाळकी पानं अशी पसरलेली, की सरडा पळाला तरी ऐकू यावा.

पुढच्या रविवारी ते मुद्दाम परत फिरले. पुन्हा पट्टा. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी वेगळा प्रयोग केला. बाण काढला आणि त्याच दगडाला पाठ टेकून बसले. ऊन चढत होतं. कुड्याच्या फुलांचा वास येत होता, झाडीत तांबट पक्षी टुक टुक करत होता. मास्तरांनी फडक्यातली भाकरी सोडली, खाल्ली, हात झटकले.

तांबट थांबला.

मास्तरांना मान वळवावीशी वाटली. त्यांनी वळवली नाही. का, ते त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. रीत मोडायचा धीर झाला नाही, इतकंच. थोड्या वेळाने पक्षी पुन्हा बोलायला लागला. मास्तर उठले. बाण नव्हता, आणि त्यांच्या सदऱ्याची पाठ गार, ओली झाली होती.

त्या संध्याकाळी शेवंतीने विचारलं, "काय गावला?" आणि पहिल्यांदाच मास्तरांनी मान हलवली नाही. सगळं सांगितलं. सांगताना आपलं आपल्यालाच हसू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. शेवंतीही हसली नाही, रडली नाही. परातीतल्या पिठावर तिने बोटाने एक रेघ ओढली, तिला टोक काढलं आणि पुन्हा सारवून टाकलं.

"बाण असात थय तो येता," ती म्हणाली. "मग बाण माझ्या दारापर्यंत काढा, भावजी."

घरी आल्यावर नलिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोंगराने अखेर तुमचं डोकं फिरवलं, एवढंच म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी निघताना त्यांनीच खडूची नवी पेटी आणून मास्तरांच्या पिशवीत घातली.

मास्तर त्या दिवशी बोरीवलीकडे उतरलेच नाहीत. दुपारभर धारेवर बसले आणि उन्हं कलल्यावर उलटे, मुलुंडच्या दिशेने बाण काढत निघाले. प्रत्येक फाट्यावर एक. करवंदीच्या जाळीपाशी एक. ओढ्याच्या कोरड्या पात्रातल्या काळ्या धोंड्यावर एक. मग डोंगर संपला, वस्ती लागली, आणि बाण विजेच्या खांबावर, पडक्या कुंपणावर, नळाच्या कठड्यावर आले. पानवाला रतन ठेल्यावरून वाकून म्हणाला, "काय मास्तर, शाळा सोडून रंगारी झालात की काय?" मास्तरांचा सगळा जीव मान सरळ ठेवण्यात गुंतला होता. मागे पावलं वाजत नव्हती. फक्त मास्तर ज्या कुत्र्यांजवळून पुढे जात, ती उठून बाजूला होताना ऐकू येत होती. मास्तर गेल्यावर.

शेवंती दारात उभी होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या दिवशी लावताना हात थांबला नसावा. मास्तरांनी उंबऱ्यावर शेवटचा बाण काढला, टोक आत.

"दार उघडं ठेवू काय?" तिने विचारलं.

"मला नाही माहीत, वहिनी," मास्तर म्हणाले. खडू खिशात टाकला आणि दुसऱ्या गल्लीने, मागे न बघता, घरी गेले.

सोमवारी शाळेत जाण्याआधी ते पुन्हा निघाले. नुकतं उजाडत होतं. पानाच्या ठेल्याला फळ्या लागलेल्या होत्या. खांबावरचा बाण नव्हता. कुंपणावरचा नव्हता. नळाच्या कठड्यावरचाही नव्हता. पण कठडा तसाही ओला असतो, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं.

चाळीपाशी त्यांची पावलं आपोआप हळू झाली.

दार उघडं होतं.

उंबऱ्यावर ओला पट्टा होता. शेपटीकडून टोकाकडे, एका ओढीत.

शेवंती आत पाटावर बसली होती. पोळपाट समोर, पण पीठ मळलेलं नव्हतं. भिंतीवरचा आरसा काढून पालथा ठेवला होता. मास्तरांना बघून ती उठली नाही, आणि "काय गावला" असंही विचारलं नाही.

"झोप लागली माका," ती म्हणाली. "लय दिवसांनी लागली. पहाटे कपाळ गार लागला म्हणून जाग आली."

मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले.

तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. कपाळावर कुंकू नव्हतं. डावीकडून उजवीकडे पुसटसा लाल पट्टा तेवढा होता, अजून न वाळलेला. आणि तो संपत होता तिथे, भुवईला, सुताचा एक ओला धागा चिकटला होता.